शाळांतील प्रयोग आणि त्यांचे हिशेब

बडोद्यातील आपल्या ग्रंथालयाच्या शताब्दी-ग्रंथासाठी शिक्षणविषयक काही लिहावे, असा निरोप आला तेव्हा प्रथम मनात आले ते श्रीमंत सयाजीराव महाराजांचे नाव. १८९३ साली अमरेली भागातील मोजक्या गावांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रारंभ झाला आणि १९०६ साली ती सक्ती साऱ्या संस्थानास लागू झाली, हे या ग्रंथाच्या अन्य पानांवर अधिक अधिकाराने आलेले असेल. अमरेलीच्या त्या उपक्रमास आपण सहज 'प्रयोग' म्हणतो. आधी थोड्या ठिकाणी करून पाहावे, जमल्यास वाढवावे, एवढाच त्या शब्दाचा तेथे अर्थ. परंतु गेल्या शंभर वर्षांत शिक्षणशास्त्रात या शब्दास दुसरा, अधिक काटेकोर अर्थ प्राप्त झाला. मुलांचे दोन सारखे गट करावेत, एकास नवे काही द्यावे, दुसऱ्यास देऊ नये, आणि अखेरीस दोहोंची मापे ताडून पाहावीत. ऐकावयास हे सोपे वाटते. प्रत्यक्षात मुले तीच, गुण तेच, आणि तरीही हिशेबाची रीत बदलताच निष्कर्ष बदलला, असे या इतिहासात एकदा नव्हे, अनेकदा घडले आहे. त्यांतील काही प्रसंग येथे सांगावयाचे आहेत. अखेरचा प्रसंग आपल्याच शहरातील महानगरपालिकेच्या शाळांत घडला, हे या लेखाचे निमित्त.

आरंभी एक कबुली देणे भाग आहे. चाळीसएक वर्षांपूर्वी शिक्षणशास्त्राच्या पदवीसाठी मी जो प्रबंध लिहिला, त्याचा बराच भाग याच ग्रंथालयाच्या वाचनकक्षात बसून लिहिला. इयत्ता सातवीच्या दोन तुकड्या मी घेतल्या. 'अ' तुकडीस भूगोल नकाशे व प्रतिकृतींच्या साहाय्याने शिकवला, 'ब' तुकडीस नेहमीप्रमाणे. प्रत्येक तुकडीत चाळीस मुले. वर्षअखेर चाचणी घेतली, सरासरी काढल्या, टी-कसोटी लावली आणि फरक ०.०१ पातळीवर लक्षणीय असल्याचे समाधानाने नमूद केले. परीक्षकांनी कौतुक केले. पुढे मीही अनेकांचे असेच प्रबंध तपासले आणि कौतुक केले. आमच्यापैकी कोणाच्याही मनात आले नाही की, 'अ' तुकडीला शिकवणारा मी होतो आणि 'ब' तुकडीला दुसरे गुरुजी. 'अ' चा तास सकाळचा होता आणि 'ब' चा जेवणानंतरचा. ऐंशी मुले मोजली खरी, पण तुलना होती दोन वर्गांची. ऐंशी आणि दोन यांतील हे अंतर लक्षात येण्यास मला पुढे पंचवीस वर्षे लागली.

ज्या टी-कसोटीच्या आधारावर आम्ही सारे पदव्या मिळवीत होतो, तिचा जनक विल्यम गॉसेट हा विद्यापीठातला पंडित नव्हता. डब्लिन येथील गिनेस कंपनीच्या मद्यनिर्मितीत तो १८९९ पासून नोकरीस होता. जव, माल्ट आणि हॉप्स यांचे थोडेच नमुने हाती असत आणि त्यावरून निर्णय घ्यावा लागे. थोड्या नमुन्यांवरून किती खात्रीने बोलता येते, हा त्याचा रोजचा प्रश्न. त्याचे उत्तर त्याने १९०८ साली 'बायोमेट्रिका' या नियतकालिकात मांडले. कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या नावाने संशोधन प्रसिद्ध करू नये, अशी कंपनीची शिस्त असल्याने खाली नाव घातले 'स्टुडंट'. म्हणून ती 'स्टुडंटची टी-कसोटी'. ती विद्यार्थ्यांसाठी केली म्हणून हे नाव पडले, असा समज आमच्या वर्गात बराच काळ होता, हे जाता जाता सांगण्यास हरकत नाही.

याच स्टुडंटने १९३१ साली शाळांत झालेल्या एका प्रचंड प्रयोगाचे परीक्षण केले. स्कॉटलंडमधील लॅनार्कशायर हा कोळशाच्या खाणींचा व पोलादाच्या कारखान्यांचा परगणा. मंदीचे दिवस, घरोघरी ओढाताण. शाळेत मुलांना दूध दिल्यास त्यांची वाढ अधिक होते काय, हे पाहण्यासाठी १९३० सालच्या फेब्रुवारी ते जून या चार महिन्यांत ६७ शाळांतील २०,००० मुले निवडण्यात आली. ५,००० मुलांना रोज पाऊण पिंट, म्हणजे सुमारे सव्वाचारशे मिलिलिटर, कच्चे दूध. ५,००० मुलांना तितकेच निर्जंतुक केलेले दूध. उरलेल्या १०,००० मुलांना काही नाही, त्यांची फक्त उंची आणि वजन मोजायचे. खर्च सुमारे साडेसात हजार पौंड. दूध पिणाऱ्या मुलांची वाढ अधिक झाली, आणि कच्च्या व निर्जंतुक दुधात फरक नाही, असे अहवालात जाहीर झाले.

वीस हजार हा आकडा ऐकून कोणाचीही मान डोलावी. स्टुडंटची डोलली नाही. मुलांची निवड कशी झाली, हे त्याने पाहिले. काही शाळांत चिठ्ठ्या टाकून, काही शाळांत आडनावांच्या क्रमाने निवड झाली होती, येथवर ठीक. पण पुढे मुख्याध्यापकांना एक मुभा दिलेली होती: एखाद्या गटात धष्टपुष्ट किंवा अशक्त मुले फार जमली असे वाटल्यास काहींची अदलाबदल करावी. हेतू गट समतोल राहावेत हाच होता. परंतु समोर हाडांचा सापळा झालेले पोर उभे असताना त्याला दूध न मिळणाऱ्यांच्या यादीत कोणता शिक्षक घालील? परिणाम व्हायचा तोच झाला. प्रयोगाच्या प्रारंभीच दूध न मिळणारी मुले दूध मिळणाऱ्या मुलांपेक्षा वजनाने सुमारे तीन महिन्यांच्या आणि उंचीने सुमारे चार महिन्यांच्या वाढीइतकी पुढे होती. दोन गट सारखे नव्हतेच.

याहून मार्मिक निरीक्षण कपड्यांचे होते. मुलांची वजने अंगावरच्या कपड्यांसह घेतली होती. पहिले वजन कडाक्याच्या थंडीत, दुसरे उन्हाळ्यात. सुस्थितीतील मुलाच्या अंगावर फेब्रुवारीत जाड लोकरीचे कपडे, जूनमध्ये हलके. त्याच्या वजनातून कपड्यांचा तेवढा भार वजा झाला, म्हणजे वाढ प्रत्यक्षापेक्षा कमी दिसली. गरिबाच्या पोरापाशी हिवाळ्यात उतरवण्याजोगे मुळात काही नव्हतेच. दूध न मिळणाऱ्या गटात सुस्थितीतील मुले अधिक असल्याने दुधाचे श्रेय तेवढ्याने फुगले. शिवाय कोणत्याही एका शाळेत कच्चे व निर्जंतुक ही दोन्ही दुधे दिलेली नव्हती. त्यामुळे दोन दुधांची म्हणून झालेली तुलना वस्तुतः दोन प्रकारच्या शाळांची तुलना होती. त्याच वर्षी रोनाल्ड फिशर आणि मॉरिस बार्टलेट यांनी हेच आकडे पुन्हा तपासले तेव्हा त्यांना कच्चे दूध सरस दिसले. एकाच वहीतून दोन निकाल.

स्टुडंटने सुचवलेला उपाय ऐकून त्या काळच्या अधिकाऱ्यांना काय वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. वीस हजार मुलांऐवजी एकसारख्या जुळ्यांच्या पन्नास जोड्या घ्याव्यात, जोडीतील कोणास दूध द्यावयाचे ते नाणेफेकीने ठरवावे. खर्च एक-दोन टक्क्यांत भागेल आणि उत्तर अधिक विश्वसनीय मिळेल. संख्या मोठी असली की सत्य आपोआप हाती येते, हा समज १९३१ सालीच असा मोडून काढला गेला होता. तो अद्याप मेलेला नाही, ही गोष्ट वेगळी.

दुधाच्या प्रयोगातील चूक दयेपोटी झाली. तीस-पस्तीस वर्षांनी अमेरिकेत जे घडले त्याचे स्वरूप अधिक गहन होते. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या दारिद्र्यविरोधी मोहिमेत १९६५ साली गरीब घरांतील शाळापूर्व वयाच्या मुलांसाठी 'हेड स्टार्ट' नावाची योजना सुरू झाली. १९६९ साली वेस्टिंगहाऊस कंपनी व ओहायो विद्यापीठ यांच्या वतीने तिच्या मूल्यमापनाचा अहवाल आला आणि तो निराशाजनक होता. योजनेत गेलेल्या मुलांची तुलना न गेलेल्या मुलांशी करावी तर दोन्ही मुळात भिन्न परिस्थितीतील. म्हणून जोड्या जुळवून आणि गणिताने अंतर भरून काढून तुलना केली होती. दुसऱ्याच वर्षी डोनाल्ड कॅम्पबेल आणि आल्बर्ट अर्लबाकर यांनी दाखवून दिले की या रीतीने निरुपद्रवी योजनाही अपायकारक भासू शकते.

त्यांचा मुद्दा जरा सावकाशीने समजून घेण्याजोगा आहे. कोणत्याही चाचणीतील गुणांत थोडा भाग मुलाच्या तयारीचा आणि थोडा त्या दिवसाच्या योगायोगाचा असतो: नेमका पाठ असलेला प्रश्न आला, किंवा डोके दुखत होते. आता गरीब वस्तीतील आणि सुखवस्तू वस्तीतील मुलांतून सारखे गुण असलेल्या जोड्या जुळवायच्या म्हटल्यावर पहिल्या वस्तीतून वरची आणि दुसरीतून खालची मुले उचलावी लागतात. वरच्या मुलांत त्या दिवशी नशीब फळलेली अधिक, खालच्यांत नशीब फिरलेली अधिक. पुढच्या चाचणीत नशीब पुन्हा वाटले जाते आणि दोन्हीकडची मुले आपापल्या वस्तीच्या सरासरीकडे सरकतात. गरीब मुले घसरलेली दिसतात, सुखवस्तू मुले चढलेली दिसतात. मधल्या काळात योजनेने काहीही बरेवाईट केले नसले तरी दोष तिच्या माथी येतो. गरीब मुलांच्या शिक्षणावर खर्च करावा की न करावा, हा निर्णय अशा हिशेबावर टांगलेला होता, हे ध्यानी घेतले म्हणजे हा केवळ गणितज्ञांचा वाद राहत नाही.

आता माझ्या प्रबंधातील चुकीची थोरली बहीण म्हणावी अशा प्रकरणाकडे येतो. इंग्लंडमधील लँकॅस्टर विद्यापीठातील नेव्हिल बेनेट यांचा 'टीचिंग स्टाइल्स अँड प्युपिल प्रोग्रेस' हा ग्रंथ १९७६ साली प्रसिद्ध झाला. काळ मोठा तापलेला होता. मुलांना रांगेत बसवून, पाढे व शुद्धलेखन घोटवून शिकवावे, की त्यांना वर्गात मोकळे हिंडू देऊन त्यांच्या कलाने शिकू द्यावे, हा तेथे घरोघरीचा वाद झाला होता. लंडनमधील विल्यम टिंडेल या प्राथमिक शाळेतील मुक्त अध्यापनावरून उठलेले वादळ वर्तमानपत्रांत गाजत होते. अशा वेळी बेनेट यांनी शेकडो प्राथमिक शिक्षकांना प्रश्नावली पाठवली, उत्तरांवरून त्यांच्या अध्यापनाचे प्रकार पाडले आणि त्यांतून ३७ शिक्षक निवडून पारंपरिक, मिश्र व मुक्त अशा तीन गटांत त्यांची विभागणी केली. त्यांच्या वर्गांतील सुमारे ९५० मुलांची वर्षारंभी व वर्षअखेरीस वाचन, गणित आणि इंग्रजी या विषयांत चाचणी घेतली. पारंपरिक वर्गांतील मुलांची प्रगती सरस ठरली आणि फरक संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरला. येथे चिठ्ठ्या टाकून वाटणी केलेली नव्हती, म्हणजे काटेकोर अर्थाने हा प्रयोगही नव्हे. परंतु वृत्तपत्रांनी तो निर्णायक पुरावा मानला. त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला पंतप्रधान जेम्स कॅलहन यांनी ऑक्सफर्डच्या रस्किन कॉलेजात शिक्षणाविषयी आपले प्रसिद्ध भाषण केले, ते याच तप्त वातावरणात.

टीका लवकरच सुरू झाली, आणि तिचा रोख एका साध्या प्रश्नावर होता: मोजले काय? ९५० मुले, की ३७ शिक्षक? आपल्याकडच्या पीक कापणी प्रयोगांची ज्यांना माहिती आहे त्यांना हे चटकन पटेल. तालुक्याची आणेवारी ठरवायची तर एकाच शिवारातील हजार कणसे मोजून भागत नाही. त्या हजार कणसांना पाऊस एकच, जमीन एकच, कसणारा एकच. दहा वेगवेगळ्या शेतांतील थोडी थोडी कणसे अधिक सांगून जातात. वर्गाचेही तसेच. पंचवीस मुले एका खोलीत, एका शिक्षकाच्या हाताखाली वर्ष काढतात. गोवराची साथ आली तर ती सर्वांना छळते, शिक्षक हाडाचा असला तर सर्वांचे कल्याण होते. म्हणून त्या मुलांचे गुण परस्परांपासून स्वतंत्र नसतात.

याचा हिशेब कागदावर करून पाहण्याजोगा आहे. ९५० मुले ३७ वर्गांत म्हणजे वर्गामागे सुमारे २६. गुणांतील एकूण चढउताराचा एकपंचमांश भाग वर्गावर्गांतील फरकामुळे आहे, असे उदाहरणादाखल धरू. सूत्राप्रमाणे वर्गातील मुलांच्या संख्येतून एक वजा करून येणाऱ्या संख्येस, म्हणजे २५ ला, ०.२ ने गुणावे आणि त्यात १ मिळवावा. उत्तर येते ६. याचा अर्थ ९५० मुलांची माहिती सुमारे १५८ स्वतंत्र मुलांइतकीच वजनदार. ९५० धरून केलेली कसोटी जो फरक छातीठोकपणे 'लक्षणीय' म्हणते, तो १५८ धरल्यावर योगायोगाच्या मर्यादेत सहज बसू शकतो. आणि हे काही १९७६ नंतर सुचलेले ज्ञान नव्हे. आयोवा विद्यापीठाचे लिंडक्विस्ट यांनी १९४० सालच्या आपल्या पाठ्यपुस्तकात वर्ग व शाळा हेच एकक धरण्याविषयी शिक्षण-संशोधकांना बजावले होते. पुस्तक वाचले जात होते, पण ते प्रकरण बहुधा चाळले जात होते. मी तरी चाळलेच होते.

पुनर्विचार झाला तो लँकॅस्टर विद्यापीठातच. तेथील संख्याशास्त्रज्ञ मरे एटकिन यांनी सहकाऱ्यांसह तेच आकडे पुन्हा हाती घेतले. १९७७ साली पुढे आलेल्या एका नव्या गणनपद्धतीमुळे व संगणकामुळे पूर्वी अशक्य असलेले दोन हिशेब आता करता येत होते. एक म्हणजे मूल आणि शिक्षक या दोन्ही पातळ्यांवरील चढउतार वेगवेगळे मांडणे. दुसरा त्याहून सूक्ष्म: अमुक शिक्षक पारंपरिक आणि तमुक मुक्त, अशी रेघ मारण्याऐवजी प्रत्येक शिक्षक कोणत्या प्रकारात मोडण्याची किती शक्यता आहे, हे धरून चालणे. खरोखर कोणता शिक्षक पूर्णतः एकाच प्रकारचा असतो? सोमवारी पाढे घोटवणारा शनिवारी मुलांना ओढ्यावर नेतोच. १९८१ साली हे पुनर्विश्लेषण प्रसिद्ध झाले तेव्हा अध्यापन-प्रकारांतील लक्षणीय फरक नाहीसे झाले होते. पारंपरिक पद्धतीची मुले इतरांहून वेगळी ठरतात, असे म्हणण्यास आधार उरला नाही. मुक्त पद्धत श्रेष्ठ ठरली, असा मात्र याचा अर्थ नव्हे. ३७ शिक्षकांच्या जोरावर या प्रश्नाचा निकाल लागू शकत नव्हता, एवढेच ठरले.

या प्रकरणातील मला सर्वाधिक आदरणीय वाटणारी गोष्ट निराळीच आहे. पुनर्विश्लेषणाच्या एका निबंधावर लेखक म्हणून एटकिन यांच्यासमवेत स्वतः नेव्हिल बेनेट यांचे नाव आहे. ज्या ग्रंथाने त्यांना देशभर कीर्ती दिली, त्यातील निष्कर्ष मागे घेणाऱ्या लेखनावर त्यांनी सही केली. पहिल्या ग्रंथाची बातमी जितकी गाजली तितकी या निबंधाची गाजली नाही, हे सांगावयास नकोच. मात्र संशोधकांच्या जगात त्याचा परिणाम टिकाऊ झाला. १९८६ पासून हार्वे गोल्डस्टीन यांच्यासारख्यांनी अनेक पातळ्यांचे हे गणित शास्त्रशुद्ध व सर्वांना वापरता येईल असे केले, आणि गोल्डस्टीन आपल्या ग्रंथात त्याच्या गरजेचे उदाहरण म्हणून बेनेट प्रकरणाचाच दाखला देत.

या सर्व पार्श्वभूमीवर बडोद्याची कहाणी पाहावी. मुंबईत १९९४-९५ च्या सुमारास सुरू झालेल्या 'प्रथम' या संस्थेने महापालिका शाळांतील मागे पडलेल्या मुलांसाठी 'बालसखी' हा उपक्रम चालवला. सखी म्हणजे त्याच वस्तीतील, शालान्त शिक्षण झालेली तरुणी. इयत्ता तिसरी-चौथीतील जी पंधरा-वीस मुले अक्षरे व आकडे यांतच अडखळतात, त्यांना शाळेच्या वेळातले दोन तास वर्गाबाहेर घेऊन तिने पायाभूत गोष्टी पक्क्या करून घ्यावयाच्या. गरज किती होती? बडोद्यातील तिसरीच्या मुलांपैकी पहिलीच्या पातळीचे गणित नीट सोडवू शकणारी मुले सुमारे पाचांत एक. २००१ ते २००३ या दोन शैक्षणिक वर्षांत बडोदा व मुंबई येथे या उपक्रमाची पारख अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडेन यांनी केली. त्यांचा निबंध २००७ साली प्रसिद्ध झाला. यांतील बॅनर्जी व डुफ्लो यांना २०१९ साली मायकेल क्रेमर यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बॅनर्जी यांचा जन्म मुंबईचा आणि त्यांच्या मातोश्री, अर्थशास्त्रज्ञ निर्मला बॅनर्जी, माहेरच्या पाटणकर. तेव्हा आपल्यासारख्या मराठी वाचकांस थोडा आपलेपणा वाटल्यास तो क्षम्य आहे.

हिशेबाच्या दृष्टीने या प्रयोगात मागील तिन्ही चुकांची वाट बंद केलेली दिसते. मुलांची निवड शिक्षकाच्या दयेवर किंवा मर्जीवर सोडली असती तर लॅनार्कशायरची पुनरावृत्ती झाली असती. म्हणून सोडत काढली ती मुलांच्या नावे नव्हे, शाळांच्या नावे. साधारण निम्म्या शाळांत तिसरीला सखी मिळाली, उरलेल्यांत चौथीला. दुसऱ्या वर्षी अदलाबदल. प्रत्येक शाळेला काही ना काही मिळाले, कोणी रुसले नाही, आणि एका शाळेची तिसरी दुसऱ्या शाळेच्या सखीविना असलेल्या तिसरीशी ताडून पाहता आली. एकक मूल की वर्ग, हा बेनेट प्रकरणातील प्रश्न येथे आधीच सुटलेला होता: सोडत ज्या गटाची झाली, अनिश्चिततेचा हिशेबही त्याच गटाने मांडला.

तिसरी वाट 'हेड स्टार्ट'ची. सखीकडे जाणारी मुले वर्गातील सर्वांत कच्ची. त्यांची तुलना वर्गात राहिलेल्या मुलांशी केली असती तर सखीकडे गेल्याने मुले मागे पडतात, असा हास्यास्पद निष्कर्ष निघाला असता. उलट त्यांचीच आधीची व नंतरची मापे ताडली असती तर सरासरीकडे सरकण्याचा लाभही सखीच्या खात्यावर जमा झाला असता. म्हणून सखी मिळालेल्या इयत्तेतील सर्व मुले, तिच्याकडे गेलेली आणि न गेलेली, एकत्र धरून त्यांची तुलना सखी न मिळालेल्या इयत्तेतील सर्व मुलांशी केली. परीक्षेच्या दिवशी गैरहजर राहणारी मुले बहुधा कच्चीच असतात आणि ती गळाली की सरासरी उगाच उंचावते. त्यासाठी चाचणी घेणारे शाळेत पुन्हापुन्हा गेले आणि तरीही न सापडलेल्या मुलांना घरी जाऊन गाठले. ज्याने कधी वस्तीतील घरे शोधत उन्हातून पायपीट केली आहे, त्यालाच या एका वाक्यामागील श्रम कळतील.

निकाल असा: पहिल्या वर्षी सरासरी गुण ०.१४ प्रमाण विचलनाने आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलनाने वाढले. सर्वाधिक लाभ सर्वांत खालच्या मुलांना झाला. सखीकडे न जाता वर्गात राहिलेल्या मुलांच्या वाट्याला लहान वर्ग आला, तरी त्यांच्यात सुधारणा दिसली नाही. वाढ झाली ती सखीकडे गेलेल्यांचीच. बडोद्यात संगणकावर गणिताचा सराव देणारा दुसराही उपक्रम होता. त्यात गणिताचे गुण ०.४७ प्रमाण विचलनापर्यंत वाढले.

'प्रमाण विचलन' म्हणजे गुणांचा सरासरीभोवतीचा पसारा. ०.२८ म्हणजे शंभर मुलांच्या रांगेत मधोमध उभे असलेले मूल खालून सुमारे एकसष्टाव्या जागी जाते. परंतु या मापातही एक मेख आहे. समजा गुण सरासरी ४ ने वाढले. सर्व मुलांच्या गुणांचा पसारा १६ असेल तर वाढ ०.२५. मात्र केवळ कच्च्या मुलांचा पसारा घेतला आणि तो ८ भरला, तर तीच वाढ ०.५० दिसते. मूल एक अक्षरही जास्त शिकले नाही, छेद बदलला. म्हणून कोणत्याही अहवालात असा आकडा दिसला की तो कोणाच्या पसाऱ्याने भागला आहे, हे आधी विचारावे. बडोद्याच्या निबंधात तुलनेसाठीच्या गटाच्या पूर्वचाचणीतील पसारा घेतल्याचे स्पष्ट सांगितले आहे, त्यामुळे दुसऱ्या कोणासही तो हिशेब ताडून पाहता येतो.

उपक्रम संपल्यानंतर एका वर्षाने मुलांची पुन्हा चाचणी घेतली. जिच्यामुळे अक्षरे जुळू लागली ती सखी आता सोबत नव्हती, आणि मुले पुढच्या इयत्तेच्या भरगच्च वर्गात बसत होती. ज्यांच्यासाठी उपक्रम होता त्या मुलांचा लाभ अद्याप मोजण्याजोगा होता, पण तो सुमारे ०.१० वर उतरला होता. लेखकांनी हा आकडा निबंधाच्या पोटात कोठे दडवला नाही. पहिल्याच पानावरील सारांशात, ०.२८ आणि ०.४७ यांच्या शेजारी, तो छापलेला आहे.

माझ्या प्रबंधाची एक प्रत घरी अजून आहे. गेल्या वर्षी ती पुन्हा चाळताना निष्कर्षाच्या पानावर 'नमुना: ८० विद्यार्थी' या ओळीपुढे पेन्सिलीने 'वर्ग: २' असे लिहून ठेवले.